लाल वाटीची माणसं

माझ्यासमोर जेवायला घरात कुणी राजी नसतं. नवरा ताट उचलून ओसरीवर जातो. सून तोंडावर सांगते, "आत्या, तुमी असं नरड्याकडं टक लावून बसता, घास उतरत न्हाय बघा." खोटं कशाला बोलू, मी बघतेच. कुणी घोट घेतला की गळ्याची घाटी वर उचलली का, वेळेवर खाली आली का, गिळल्यावर आवाज ओला झाला का, हे माझं आपोआप चालू होतं. परवा पिंपळीला एका साखरपुड्याच्या पंगतीत शेजारच्या बाईला ठसका लागला. बाकीच्या हसून म्हणाल्या, "कोण आठवण काढतंय गं तुजी?" एकजण तिच्या टाळूवर थापटत म्हणाली, "वर बघ, वर बघ." मी भरल्या ताटावरून उठले आणि मोरीपाशी जाऊन उभी राहिले. नर्सबाईंना लई मिजास, असं मागून कुणीतरी म्हणालं.

मिजास नाही हो. ते दोन शब्द मला ऐकवत नाहीत. कुणीही म्हटले तरी मला ते माझ्याच आवाजात ऐकू येतात.

आधी बरीच वर्षं मी दवाखान्यांतून नोकऱ्या केल्या. आता बारामतीहून इंदापूरला जाताना उसाच्या फडांमधे आमचं जे निवासी केंद्र आहे, तिथली देखरेख माझ्याकडं असते. पाटीवर लांबलचक नाव आहे, पण लोक आश्रमच म्हणतात. तीसेक माणसं राहतात. सगळी म्हातारी नाहीत. मोटरसायकलवरून पडून डोक्याला मार बसलेला चाळिशीतला गडीपण आहे. ज्यांना स्वतःचं स्वतःला करता येत नाही आणि ज्यांचं करायला घरी कुणी नाही, अशी ही माणसं. त्यांना न्हाऊ घालायचं, कूस बदलायची, औषधं द्यायची, भरवायचं. हे सगळं करणाऱ्या बायांना आमच्याकडं मावशी म्हणतात. मी बोलायला फटकळ. चूक दिसली की समोर कोण आहे ते बघत नाही, तोंड सुटतंच. निदान तेव्हा तरी मला माझ्याबद्दल असंच वाटायचं.

अंगावरून वारं गेलेली माणसं आमच्याकडं पुष्कळ. हात लुळा पडला तर चार लोकांना दिसतो. गळा लुळा पडलेला कुणाला दिसत नाही. घास अन्ननळीत जायच्या ऐवजी श्वासनळीत उतरतो, आणि कधीकधी तर साधा ठसकाही लागत नाही. मग ताप येतो, छाती भरते, आणि लोक म्हणतात, म्हातारं माणूस होतं, थंडी बाधली. पुण्याहून एक मॅडम येऊन आम्हाला दोन दिवस हे शिकवून गेल्या. माणसाला ताठ बसवा, हनुवटी छातीकडं घ्या, लहान चमच्यानं भरवा, गिळलेलं बघितल्याशिवाय पुढचा चमचा नाही. कोरडं नाही, पातळ नाही. साधं पाणीसुद्धा नाही, तेही दाट करून द्यायचं. ठसका लागला तर थांबायचं, मान पुढं वाकवायची, खोकू द्यायचं. "आणि वर बघा म्हणायचं नाही," हे त्यांनी दोनदा सांगितलं. मान वर केली की श्वासनळीचं तोंड आ वासतं म्हणे. आम्ही सगळ्या हसलो होतो. "अवो मॅडम, आमी तर पाळण्यातल्या पोरापास्नं हेच म्हणतोय की," एक मावशी म्हणाली. "म्हणूनच सांगते आहे," मॅडम म्हणाल्या, आणि त्या काही हसल्या नाहीत.

त्यानंतर मी बाजारातून लाल वाट्या आणल्या. ज्यांचा गळा अधू, त्यांचं जेवण लाल वाटीत. गुरगुट्या भात, घोटलेलं वरण, चाळणीतून काढलेली भाजी. लाल वाटी दिसली की तिथं शिकलेल्या मावशीनंच भरवायचं, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही कळेल असं काम. तपासणीला आलेल्या साहेबांनीही वाखाणलं. मला माझ्या हुशारीचं इतकं कौतुक की विचारू नका. वासरात लंगडी गाय शहाणी, दुसरं काय!

लाल वाटीवाल्यांत एक आबा होते. सगळी नोकरी कालव्यावर पाटकरी म्हणून केलेली. म्हणजे कालव्याचं पाणी कुठल्या चारीला सोडायचं, कुणाच्या शेतात किती वेळ जाऊ द्यायचं, ते बघणारा माणूस. उजवं अंग गेलेलं, बोलणं जड झालेलं, पण डोकं एकदम शाबूत. मी त्यांना गळ्याचं समजावून सांगत होते, तर डावा हात वर करून त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, "कळलं, बाई. दोन चाऱ्या हायत. दार नीट पडत न्हाय. पानी नको त्या चारीला जातंय." पुढं येईल त्या नव्या मावशीला मी हेच सांगून शिकवायला लागले. पुण्याच्या मॅडमना दोन दिवस लागले ते आबांनी एका दमात सांगितलं होतं.

पण कळलं म्हणून जीभ थोडीच गप्प बसते? आठ महिने तो माणूस गुरगुट्या भातावर होता. "बाई, पोळी दे की एकदा. पुरणाची." हे रोजचंच झालं. मी कधी दटावायची, "आबा, लहान आहात का आता?" कधी चेष्टा करायची, "आधी आमच्या रानाला पाणी सोडा, मग देते." तेही अर्ध्या तोंडानं हसायचे. एकदा मात्र हसले नाहीत. म्हणाले, "तू मला जगवतीस लई बेस, बाई. पर जेवू घालत न्हायस." मला असा राग आला! राग आला कारण बोलणं खरं होतं. मी म्हटलं, "बरं, पुरण चाळून दाट दुधात कालवून देते एक दिवस." त्यांना चालण्यासारखं होतं ते. पुरण चाळायचं म्हणजे काय मोठी लंका जिंकायची होती? पाच मिनिटांचं काम. आज नवीन माणूस दाखल, उद्या तपासणी, परवा मावशी रजेवर. ते पाच मिनिटांचं काम माझ्या हातून झालं नाही ते नाहीच.

आमच्याकडं अन्नदानाला लोक येतात. कुणाचा वाढदिवस, कुणाच्या आईबापाचं श्राद्ध. मला त्यात वावगं काही वाटायचं नाही. रोज तीच भिंत बघणाऱ्या माणसांना त्या दिवशी चार नवी तोंडं दिसतात, कुणी जवळ बसतं, विचारपूस करतं. त्या साली इंदापूरकडच्या एका बागायतदाराचा फोन आला. द्राक्षं आणि डाळिंबाची बाग असलेला पन्नाशीचा माणूस, सगळे त्यांना तात्या म्हणत. वडलांचं पहिलं वर्षश्राद्ध होतं. "ताई, समदं आमीच घिऊन येतो," ते म्हणाले. "पोळ्या, कटाची आमटी, भजी, कुरडया. पत्रावळ्या, द्रोनबी आमचंच. तुमच्या बायास्नी भांडी पडाय नकोत." दोन मावश्या रजेवर होत्या. तीस माणसांची भांडी वाचली म्हणून मी त्यांना फोनवरच दुवा दिला. लाल वाट्या फडताळातच राहणार, आणि मग कुणाचा गळा कसा आहे हे कुणालाच कळणार नाही, एवढा साधा उजेड माझ्या डोक्यात पडला नाही. अहो, ती युक्ती माझीच होती! मीच ती केली आणि मीच ती फडताळात ठेवली.

मी मावशीला सांगून ठेवलं होतं की लाल वाटीवाल्यांना आपण मागून भरवू. पण पंगत बसली तशी तात्यांच्या घरच्या बायकांनी सगळ्यांपुढं सारखंच वाढलं. आबांच्या चाकाच्या खुर्चीपुढं स्टुलावर पत्रावळी आली. पोळी, तुपाची धार, द्रोणात आमटी. मी बघितलं. लांबून नाही, चार हातांवरून बघितलं. उचलून घ्यायला पुढं झाले, तोवर तात्याच आबांसमोर मांडी घालून बसले होते.

"माज्या बापाचा चेहरा अगदी असाच व्हता, ताई," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांच्या वडलांनाही वारं गेलं होतं. दवाखान्यात शेवटचा महिनाभर नाकातून नळी होती. म्हातारा रोज पोळी मागायचा. डॉक्टर नाही म्हणाले, म्हणून तात्याही नाही म्हणत राहिले. एक दिवस वडलांनी मागणंच सोडलं आणि भिंतीकडं तोंड करून पडले, ते पडलेच. "उपाशी गेला माजा बाप. वरीस झालं, घास ग्वाड लागंना मला." असं म्हणत त्यांनी पोळीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, आणि आबांच्या तोंडाजवळ नेला.

"तात्या, त्यांना हे—" मी एवढंच म्हणाले. मागून आमचे व्यवस्थापक सर हळूच म्हणाले, "राहू द्या हो ताई. एक घास तर आहे." तात्यांच्या घरची पोरं फोनवर फोटो काढत होती. सरांच्या शिरावर सगळं ढकलून मी मोकळी झाले असते, पण तसं नव्हतं. आबांनी तोंड उघडलं ते तात्यांकडं बघत नाही. माझ्याकडं बघत. आता तरी आडवी येऊ नकोस, असं ते डोळे म्हणत होते. तोंडाशी गेलेला घास काढू नये, त्यात श्राद्धाचा, त्यात मी त्या माणसाची आठ महिने पुरणाच्या नुसत्या वायद्यांवर बोळवण केलेली. मी गप्प राहिले. आयुष्यात मी तोंड मिटून राहिले असे प्रसंग बोटावर मोजण्याइतके, त्यातला हा एक.

पहिला घास गेला. दुसरा गेला. आबांनी डोळे मिटले, आणि खरं सांगते, तेवढा सुखाचा चेहरा मी त्या इमारतीत दुसऱ्या कुणाचा बघितला नाही. तिसऱ्या घासाला ठसका लागला. तात्या रडत रडत हसले. "आठवन काढली! माज्या बापानंच आठवन काढली बघा!" पंगतीतून चारी बाजूंनी सुरू झालं, वर बघा, वर बघा, पाणी द्या. आणि माझा हात आबांच्या कपाळावर गेला. आई माझं करायची तसं मी त्यांचं डोकं मागं केलं. "वर बघा आबा, वर बघा," मी म्हणाले, आणि दुसऱ्या हातानं पाण्याचा पेला त्यांच्या ओठाला लावला.

मी. जी इतरांना शिकवत होती, ती.

दहा-पंधरा सेकंदांनी भान आलं. पेला बाजूला फेकला, मान पुढं वाकवली, पाठ चोळली. आबा खोकले, दमले, थांबले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला म्हणाले, "ग्वाड हाय." आवाज ओला होता, नळात पाणी अडकल्यासारखा खुळखुळणारा. त्या ओल्या आवाजाचा अर्थ त्या खोलीत फक्त मला माहीत होता. तेव्हाच डॉक्टरांना फोन लावायला हवा होता. पाहुणे होते, म्हटलं संध्याकाळी बघू. संध्याकाळी त्यांना जरा बरं वाटत होतं, म्हटलं सकाळी बघू. वहीत लिहिलं: जेवताना किंचित ठसका लागला, बरे वाटले. तो "किंचित" शब्द माझ्या अक्षरात आजही तिथं आहे.

तिसऱ्या दिवशी ताप भरला. बारामतीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून विचारलं, "खाल्लेलं फुफ्फुसात गेलंय. काय दिलं होतं?" मी म्हणाले, "आम्ही दाटच देतो." खोटं नव्हतं, रोज दाटच देत होतो. सहाव्या दिवशी आबा गेले.

त्यांची मुलगी लोणी भापकरला दिलेली. कपड्यांची पिशवी न्यायला आली तेव्हा तिनं माझे दोन्ही हात धरले. "बाई, माजा बाप पुरनपोळी खाऊन गेला म्हनं. किती दिस मागत व्हता. सोनं झालं त्याचं. तुमचं उपकार कसं फेडू मी?" आणि ती पाया पडायला वाकली. मी पाय मागं घेतले, तर तिला वाटलं बाईंना मोठेपणा नको असतो. सगळेच तसं बोलत होते. सोनं झालं. पिकलं पान, गळायचंच. मला या म्हणीचा असा तिटकारा आला की सांगता सोय नाही. पान आपोआप गळलं नव्हतं हो, आम्ही खुडलं होतं, पंगतीत बसून, फोटो काढत! पण हे मी मनात म्हटलं. त्या पोरीला मी "जपून जा, उन्हाची वेळ आहे," एवढंच म्हणाले.

तेव्हापासून ते मागं लागलंय. आबांची खाट दुसऱ्या माणसाला दिली, पण वाढपाची वेळ झाली की त्या कोपऱ्यातून "ग्वाड हाय" ऐकू येतं. मी जाऊन बघते, तिथला माणूस तोंडात चमचा धरून माझ्याकडं बघत असतो. आमच्या कुंपणामागून एक चारी जाते. उन्हाळ्याचं आवर्तन सुटलं की तिच्या दारातून पाणी खळखळत येतं, आणि मला तो ओला गळा वाटतो. ऐन मे महिन्यात मी खिडक्या लावून घेते. मावश्या म्हणतात, बाईंना उकडत नाही का? होळीला सुनेनं पोळ्या केल्या तर मी गोठ्यात जाऊन बसले. नवरा आला, म्हणाला, "काय झालंय तुला? गेलेलं मानूस काय परत येतंय व्हय?" येतं. जेवायच्या वेळेला येतं. पण हे कुणाला सांगू? सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, कपाळावर ठेवलेल्या हातासकट.

नियम मात्र मी सगळे बदलले. पंगत असो, श्राद्ध असो, मंत्री येवो, लाल वाटी बाहेर येणारच. पाहुण्यांनी भरवायचं नाही. आणि गोडाधोडाच्या दिवशी लाल वाटीलाही गोड, पुरण चाळून, दाट दुधात कालवून. आमच्याकडं एक माई आहेत, सत्तरीच्या, गळा आबांसारखाच. पहिल्यांदा ते पुरण दिलं तर वाटी रिकामी झाल्यावर त्या बोटानं वाटी पुसून चाटत होत्या. मी उभी राहून बघितलं. खरंच पाच मिनिटं लागली होती, मी घड्याळ बघितलं होतं. नियम का बदलले हे कुणी विचारलं तर मी म्हणायची, वरून आलेत. वरून कुठले, माझ्या भीतीतून आले होते.

पुढच्या साली तात्यांचा परत फोन आला. आबांसाठी खास जास्त तुपाच्या पोळ्या करून आणणार होते. सरांनी त्यांना सांगितलं, आबा गेले, वयच झालं होतं. तात्या हळहळले. मग म्हणाले, "माज्या हातचं ग्वाड खाऊन गेला म्हातारा. सोनं झालं." श्राद्धाच्या दिवशी आले ते वडलांच्या फोटोसकट. पंगत बसली. पत्रावळ्यांच्या रांगेत चार लाल वाट्या ठेवून मी शेवटाला, माईंच्या जवळ उभी राहिले. तात्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि नेमके माईंच्या समोर येऊन बसले. माईंचाही अर्धा चेहरा पडलेला. त्यांच्या बापासारखा.

त्यांनी पोळी मोडली. मी म्हटलं, "तात्या, यांना पोळी चालत नाही. गळ्याचा त्रास आहे. हे पुरण आहे वाटीत, मावशी भरवील, तुम्ही शेजारी बसा."

"एकच घास, ताई. माज्या बापाच्या नावाचा. वाटीतलं पुरन काय, तान्ह्या पोरास्नी देत्यात."

"नाही चालत."

"राहू द्या ना ताई," सर मागून म्हणाले. तेच शब्द, तोच आवाज. तात्यांनी घास आमटीत बुडवला. माईंनी तोंड उघडायला सुरुवात केली. वास आला होता त्यांना तुपाचा.

"आवो, गेल्या साली आबास्नी नव्हता का भरवला मी?" तात्या हसून म्हणाले. "तीन घास खाल्लं. त्यानं काय झालं त्यास्नी?"

पंगतीत भुरके चालू होते. माईंचं तोंड आता पुरतं उघडलं होतं. मी तात्यांचं मनगट धरलं. परक्या पुरुषाचा हात मी असा कधी धरला नाही. "त्या घासानंच गेले आबा," मी म्हणाले. "घास फुफ्फुसात गेला. तिसऱ्या दिवशी ताप, सहाव्या दिवशी गेले. ठेवा तो खाली."

"ताई!" सर म्हणाले. आजूबाजूच्या दोन-तीन बायका वाढायच्या थांबल्या. आमटीचा ओघळ तात्यांच्या पांढऱ्या बाहीत शिरत होता, त्यांना कळतही नव्हतं. मग त्यांनी घास पत्रावळीत परत ठेवला. माईंनी तोंड मिटलं आणि माझ्याकडं रागानं बघितलं.

"म्हंजे मी मारलं त्यास्नी," तात्या म्हणाले.

"तुम्हाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं."

त्यांनी वडलांच्या फोटोकडं बघितलं. मला राहवेना. म्हटलं, "तात्या, तुमच्या वडलांना डॉक्टर नाही म्हणाले ते बरोबर होतं. तुम्ही नाही म्हणालात तेही बरोबर. तुम्ही त्यांना उपाशी नाही ठेवलंत, सांभाळलंत." खरं सांगू? मला वाटलं होतं, हे ऐकून त्यांचं ओझं उतरेल. कुठंतरी असंही वाटलं होतं की ते माझे आभार मानतील. किती लबाड असतं माणसाचं मन.

तात्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. आवाज चढलेला नव्हता, त्यांचा आवाज कधी चढतच नाही. "माज्या बापाला न्हाय म्हणाया मी व्हतो, ताई," ते म्हणाले. "आबास्नी न्हाय म्हणाया कोण व्हतं?"

"मी होते," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, उठून नळावर हात धुतले आणि पंगत उठेपर्यंत बाहेर गाडीत बसून राहिले. मावशीनं माईंना बारा चमचे पुरण भरवलं, हनुवटी खाली, एकेक गिळलेलं बघून. मी मोजत होते. एकदाही ठसका लागला नाही. पाहुणे गेल्यावर सरांच्या टेबलावर मी दुसऱ्या दिवसाच्या रजेचा अर्ज ठेवला. कारणाच्या जागी लिहिलं: आबांच्या मुलीला आबा कसे गेले ते सांगायचे आहे. सरांनी तो दोनदा वाचला, पण सही केली नाही. सकाळी मी लोणी भापकरची एसटी धरली.